दारावरची डॉक्टरीण

घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे आधी शेजाऱ्याला कळायचं, मग घरच्यांना. भाऊरावांच्या वनमालाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याची बातमीही पेढ्यांच्या आधी नळावर पोचली. संपात गिरणी गेली तेव्हापासून भाऊराव वॉचमनची नोकरी करत होते. आनंदाच्या भरात त्यांनी काय करावं? रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली आणि दाराला ठोकली : ‘डॉ. कु. वनमाला’. पोरीनं अजून कॉलेजचं फाटकही ओलांडलं नव्हतं!

“बाबा, काढा ना ती. लोक हसतील.”

“हसू देत. मांडव आधी घालतात, लग्न मागनं लागतं.”

पाटी राहिली.

कॉलेजात मात्र पहिलं दीड वर्ष रोगी दिसायचा नाही. फॉर्मलिनच्या वासात प्रेतं चिरायची आणि नसांची नावं घोकायची. शरीररचनेचे सर म्हणायचे, “यंत्र ठाऊक नाही आणि निघाले दुरुस्तीला!” नंदा मॅडम नव्या, तरुण; त्यांचं नेमकं उलट. पहिल्या महिन्यापासून पोरांना वॉर्डात न्या, माणसाशी बोलायला तरी शिकू देत. दुपारच्या सुट्टीत माझ्याबरोबर कोण येतंय, असं त्यांनी वर्गात विचारलं तेव्हा वनमालानं मान खाली घातली. आतली गोष्ट सांगू? तिला सरांचीच पद्धत सोयीची वाटत होती. मेलेला माणूस कण्हत नाही, आणि ‘पोरी, मी वाचेन ना?’ असं तर मुळीच विचारत नाही.

अशातच एका रविवारी दुपारी पलीकडच्या खोलीतल्या द्रौपदीकाकी धावत आल्या. “वनमाले, चल गं! यांच्या पोटात कळा येतायत.”

धोंडिरामकाका म्हणजे भाऊरावांचे गिरणीतले जोडीदार. एरवी आवाज असा की साचे बंद पडावेत. आता पाय पोटाशी घेऊन पडले होते, अंगाला दरदरून घाम. दारात निम्मी चाळ. चौघे उचलायला तयार. पण काका हटून बसलेले. “हॉस्पिटलात नाही जायचं. आमचा भाऊ लक्ष्मण तिथं गेला तो परत आला नाही. घरची डॉक्टर असताना जायचंच कशाला?”

काकींच्या हातात चहात कालवलेलं एरंडेल होतं. “देऊ ना गं? पोट साफ झालं की बरं वाटंल.”

सगळे डोळे वनमालावर. तिनं पोटावर हात ठेवला.

“अगं आई गं! हात आहे की बर्फ?” काका केवढ्यानं दचकले.

त्यांच्याहून जास्त ती दचकली. पोट गरम होतं. हलत होतं. तिच्या बोटांखाली ते लाकडासारखं घट्ट होत गेलं. असं काही टेबलावरच्या प्रेतानं कधी केलं नव्हतं.

“सकाळी बेंबीपाशी होतं,” काका कण्हले, “आता इकडं, उजवीकडं उतरलंय.”

सरांनी फळ्यावर काढलेली नसेची वाट तिला झर्रकन आठवली. अपेंडिक्स सुजलं की दुखणं असंच सरकतं. त्यावर जुलाब दिला तर फुटू शकतं, हेही कुठंतरी ओझरतं ऐकलेलं. पण हे तेच, की कालची वाटाण्याची उसळ? आजवर तिनं दुखरं पोट पाहिलंच कुठं होतं?

काकांनी पेल्याकडे हात नेला. “सांग गं लवकर. घेऊ?”

दारात भाऊराव उभे होते. छाती पुढे, डोळ्यांत पाटीची सगळी अक्षरं.

“नका घेऊ,” ती म्हणाली. “आणि मला विचारू नका. मला येत नाही, काका. मी डॉक्टर नाही अजून.”

“मग ती पाटी काय गंमत म्हणून लावलीय?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊरावांनी मान वळवली. काकांनी पेला ओठाला लावला.

वनमालानं तो हिसकावला. एरंडेल सगळं तिच्या ओढणीवर.

“ऐका! आजवर मी ज्यांना ज्यांना हात लावला ना, ते सगळे मेलेले होते. तुम्ही पहिले जिवंत आहात!”

धोंडिरामकाकांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

“अरे बघताय काय?” ते ओरडले. “उचला मला! आधी हॉस्पिटल!”

खुर्चीत बसवून त्यांना टेकडीखाली उतरवलं. रिक्षात त्यांनी वनमालाचं मनगट सोडलं नाही, आणि जे तिला नको होतं तेच विचारलं, “पोरी, मी वाचेन ना?”

“ठाऊक नाही, काका. पण मी इथंच आहे.”

संध्याकाळी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, “फुटायच्या बेतात होतं. बरं झालं, घरी काही पाजलं नाहीत.” काकींनी पदर तोंडात कोंबला.

भाऊरावांनी पाटी स्वतःच उतरवली आणि कपाटामागे ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वनमाला नंदा मॅडमच्या दारात उभी होती.

काका घरी आले ते थेट भाऊरावांच्या खोलीत. सदरा वर करून खाटेवर पसरले. “ये. वॉर्डात जायला लागलीस म्हणे. टाका भरलाय का बघ.”

वनमालानं हात पुढे केला.

“थांब!” काका गरजले. “आधी चोळ ते हात!”