लाडवांच्या डब्यातून आलेलं विमान

माझ्या हातचं एक विमान धरमपेठेतल्या एका दुकानाच्या काचेत ठेवलेलं आहे. जुन्या जमान्यातलं, वर एक आणि खाली एक असे पंख असलेलं, वितीत मावेल एवढं. त्या रस्त्याने गेले की मी मुद्दाम पलीकडे जाऊन ते बघून येते. कुणाचं लक्ष गेलंच तर चष्मा पुसत उभी राहते.

प्लास्टिकच्या भागांतून विमानं, जहाजं जोडायचा हा नाद मला पन्नाशीनंतर लागला. लेकाने शाळेत असताना अर्धवट टाकलेलं एक खोकं माळ्यावर सापडलं. फेकवेना म्हणून पुरं केलं, आणि अडकले ती अडकलेच. त्या वेळची मी म्हणजे एक नंबरची शहाणी बाई. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे आपल्याला लुटायलाच बसले आहेत, असा तिचा पक्का समज. त्या बाईने या दुकानात या वर-खाली पंखांच्या विमानाचं खोकं पाहिलं, भाव विचारला आणि तिथेच कमरेला पदर खोचला.

"काहून गा भाऊ, जपानात तर हे निम्म्याहून कमीत मिळते." बहिणीची लेक तिकडे नोकरीला, त्यामुळे माहिती ताजी होती.

दुकानदार शांत माणूस. "काकू, तिथं ते बनते. इथं यायले जहाजाचं भाडं लागते, वरून कस्टम, टॅक्स. अन् खोकं एवढं मोठं, आत अर्धी हवा. भाडं तर पुऱ्या जागेचं लागते. तिकडे घेणारे ढीगभर. इथं हे कधीचं तुमची वाट पाहून राहिलं. त्या वाट पाहण्याचंही भाडं धरा लागते."

"म्हणजे मी हवेचे पैसे देऊ?"

"नका देऊ, मी कुठं जबरदस्ती करून राहिलो? अन् सोपं नाही बरं हे. पंखांमधल्या तारा ताणता ताणता भले भले सोडून देतात."

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, म्हणून तर ती बाई चेकाळली. "निम्म्या भावात आणते, जोडते, अन् तुमच्या काउंटरवर आणून ठेवते. पाहूनच घ्या."

आणि ही बाई कोण, तर उमरेडच्या विणकराची लेक. वडील करवती काठाची लुगडी विणायचे. मागावरून उतरलेलं लुगडं आणि तेच लुगडं नागपूरच्या मोठ्या दुकानात, यांच्या भावातला फरक मी परकर नेसत होते तेव्हापासून पाहिलेला. तो फरक बरोबर समजायचा. खोक्याचा मात्र समजेना.

नेमकी धाकटी बहीण तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेली होती. मी फोनवर हुकूम सोडला, "खोकं फेकून दे. हवा आणू नको. फक्त सामान आण."

ती आली. डिंकाचे लाडू नेलेला डबा तिने माझ्यापुढे ठेवला आणि झाकण उघडलं. आत माझं विमान होतं, गवार निवडून ठेवावी तसं.

हे भाग खोक्यात सुटे येत नाहीत. वेलीला शेंगा लागाव्यात तसे प्लास्टिकच्या चौकटीला लागलेले असतात. कोणता कुठे बसवायचा त्याचा नंबर चौकटीवर कोरलेला असतो, भागावर नाही.

"चौकटी कुठं आहेत वं?"

"त्या काड्या? टाकल्या न कचऱ्यात. प्लास्टिकचा कचरा वेगळा टाका लागते तिकडे." मग माझं तोंड पाहून म्हणाली, "ताई, तूच म्हटलं न, फालतू काही आणू नको."

जोडणीच्या चित्रांचा कागद तेवढा तिने जपून आणला होता. त्यावर नंबरच नंबर होते, आणि डब्यात एकाही भागावर नंबर नव्हता.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं न काढता सुचवलं, "जा, धरमपेठेतलं खोकं घेऊन ये. मी कोणाले सांगत नाही." हे ऐकल्यावर तर खोकं आणणं शक्यच नव्हतं. दुकानात भर माणसांत शब्द दिला होता, आणि आता घरातही साक्षीदार तयार झाला होता.

आधी सगळं विमान साबणाने धुतलं, कारण तुपावर रंग धरत नाही. मग सुपात पसरून निवडायला बसले. पंखांमधले खांब दिसायला सारखे, पण पुढचे आणि मागचे यांत केसाएवढा फरक. चुकला की पंख तिरपा. डोळ्यांना तो फरक दिसेना, बोटांना लागला. लहानपणी मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की वडील मलाच हाक मारायचे. आईपेक्षा माझी गाठ बारीक, असं ते चारचौघांत म्हणायचे. तीच बोटं होती. खांब चिमटीत धरायचा, दुसऱ्या खांबाला लावून पाहायचा, नाही जमला की परत सुपात. असं करत करत सूप रिकामं झालं.

तारांसाठी माहेरचं रेशीम काढलं. त्याची एकेक तार सोडवली, वडील सुताला लावायचे तशी खळ लावली आणि ताणून बांधली. नखाने हलकेच छेडली तर झिणझिणली. त्या दिवशी मी स्वयंपाकात मीठ विसरले आणि ह्यांनी आपलं आपण वरून घेतलं.

दुकानदाराने विमान काउंटरवर घेतलं, खालून पाहिलं, बाजूने पाहिलं, तारांवर फुंकर मारली. "ह्या तारा खोक्यात येत नाहीत, काकू. कुठून मागवल्या?"

"उमरेडहून."

विमान काउंटरवरच ठेवून आले, पण डब्याची हकिगत मी सांगितली नाही. बहिणीनेच सांगितली, पुढच्या खेपेला माझ्यासोबत आली तेव्हा, भरल्या दुकानात, चौकटींसकट. दुकानदार पोट धरून हसला आणि मग विमान पुन्हा एकदा, जास्त वेळ पाहत राहिला. स्वतःच्या हाताने त्याने ते काचेत ठेवलं. मीही त्याच्याकडचं एक जहाज घेतलं, त्याच्या भावात. घासाघीस केली, पण आपली सवयीपुरती.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने काचेवर बोट ठेवून विमानाचा भाव विचारला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याच्या कितीतरी पट आकडा सांगितला.

"काहून जी इतकं?"

"हे जपानात मिळत नाही," मी म्हटलं.

तो माणूस हसून निघून गेला. त्यानंतरही अधूनमधून कुणी विचारतं आणि दुकानदार मला फोन लावतो. दर वेळी मी भाव थोडा वाढवते. न जाणो, एखादा खरंच घेऊन जायचा.