सतीशचं पॅकिंग

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डबा खाताना हसायला एक लागतो, तो उरतो, त्यावर दुसरा चढतो. आमच्याकडे असाच ढीग झाला, आणि त्यातले बहुतेक सतीशचे. तो गेला तो दिवसही अगदी साधा होता. पॅकिंगचा.

घाटकोपरला आमचं छोटं ऑफिस. दातांच्या दवाखान्यांना अपॉइंटमेंट आणि बिलांचा प्रोग्राम विकतो. प्रोग्राम सतीशनं पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. सूचनापुस्तिका मी लिहितो, फोन रोझी आंटी घेते. कुठल्याही कॉम्प्युटरवर नुसत्या डबल-क्लिकनं उघडेल अशी प्रोग्रामची एकच फाइल बांधायची, त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो. ते फक्त सतीशला यायचं. त्या सकाळी आम्ही त्याचीच वाट बघत होतो. फोन आला तो त्याच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा.

"भावोजी, हे गेले. चहा पिता पिता."

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. साहेब उभे राहिले. डोळे मिटले. मग म्हणाले, "अरेरे! पासवर्ड कुणाला देऊन ठेवलाय का त्यानं?"

* * *

साहेबांना फाइलच्या आकाराचं दुःख फार. "एवढासा प्रोग्राम आणि फाइल एवढी मोठी?"

सतीश म्हणाला, "साहेब, समोरच्याकडे पायथन नसतं. डब्याबरोबर गॅस, कुकर, अख्खं किचन बांधून द्यावं लागतं."

साहेब विचारात पडले. "मग कुकर काढ ना! थंड खातील!"

* * *

मुलुंडच्या एका डेंटिस्टच्या अँटीव्हायरसनं आमची फाइल व्हायरस समजून उडवली. हे वरचेवर व्हायचं. डॉक्टर फोनवर ओरडायला लागले, "तुमचा प्रोग्राम इन्फेक्टेड आहे!"

रोझी आंटी गोराईची, कुणाला ऐकून घेणारी नाही. "डॉक्टर, तुम्ही पण कधीकधी चांगला दात काढता. आम्ही बोललो काय?"

सतीश टेबलाखाली डोकं घालून हसत होता.

* * *

प्रोग्राम उघडायला वेळ लागायचा. रिसेप्शनवरच्या मुली क्लिकवर क्लिक करायच्या आणि मग एकदम ढीगभर खिडक्या उघडायच्या. म्हणून सतीशनं सुरुवातीला एक चित्र टाकलं, हसरा दात आणि 'कृपया थांबा'.

"साहेब, खाली कोपऱ्यात माझं नाव टाकू? बारीक अक्षरात."

एवढंच त्यानं नोकरीत कधी मागितलं असेल.

साहेब म्हणाले, "सतीश, आपण टीम आहोत रे. नाव कुणाचंच नको."

पुढच्या पॅकिंगला चित्राखाली ओळ आली, 'संकल्पना: चि. हर्षल'. साहेबांचा मुलगा. अकरावीत होता!

सतीश मला एवढंच म्हणाला, "शुद्धलेखन तरी बरोबर आहे ना रे?"

* * *

शोकसभेत साहेब रडले. "सतीश कंपनीचा कणा होता," म्हणाले. मग वहिनींजवळ वाकून हळूच, "तो लॅपटॉप घरीच असेल ना?"

वहिनी म्हणाल्या, "तेराव्यानंतर बघू."

चौदाव्याच्या सकाळी साहेब दारात!

* * *

वहिनींची दाढ दुखायला लागली म्हणून त्या भांडुपच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथून मला फोन.

"भावोजी, इथल्या कॉम्प्युटरवर ह्यांचं नाव आहे. फोल्डरला. हे इथे कधी आले होते?"

तो कधीच गेला नव्हता. झालं होतं असं, की पहिल्याच पॅकिंगमध्ये त्याच्या स्वतःच्या मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता चुकून तसाच राहिला. डी ड्राइव्हवर Satish नावाचं फोल्डर नसेल तर प्रोग्राम उघडायचाच नाही. सगळ्यांच्या फाइली बदलत बसण्यापेक्षा रोझी आंटीनं फोनवर सांगायला सुरुवात केली, "बाय, एक फोल्डर बनव. एस, ए, टी..." मी ते पुस्तिकेत घेतलं. चौथी पायरी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक दवाखान्यात कुणीतरी स्वतःच्या हातानं त्याचं नाव टाइप केलेलं आहे.

वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत काय असतं?"

"काही नाही. रिकामं असतं."

"बरं."

पवईहून आलेल्या नव्या इंजिनियरनं ती चूक दुरुस्त केली. नवं पॅकिंग गेलं. आता त्या फोल्डरची गरज नाही. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पुस्तिकेतली ती पायरी तेवढी काढून टाका."

चौथी पायरी मी अजून काढलेली नाही.