सातवी वर्ज्य वस्तू

रविवार, १३ मे २००७ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या जावयांनी माझ्याकडे घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा मागितला आणि मी तो दिला. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या विहीणबाईंचे ओठ दुप्पट झाले. या दोन घटनांच्या मध्ये जे काही घडले त्यास मी एकटा जबाबदार आहे. (हे वाक्य लिहिण्यास मला बरीच वर्षे लागली. घरातील इतर सर्वांना ते त्याच दिवशी सुचले होते.)

माझी एकतीस वर्षे बंदरावर मालतपासनीस म्हणून गेली. आलेल्या पेट्या उघडणे, आतील वस्तू पाहणे आणि नको ती वस्तू बाजूला काढणे, हे माझे काम. माझ्या नजरेतून धोकादायक वस्तू कधी सुटली नाही, असे मी निवृत्तीच्या समारंभात स्वतःच सांगितले होते. कोणी हरकत घेतली नव्हती.

त्या रविवारी दुपारी विहीणबाई पुण्याहून प्रथमच आमच्या रत्नागिरीच्या घरी यावयाच्या होत्या. निमित्त आंब्यांचे होते. हेतू तपासणीचा होता. आमची कन्या शरयू सहा महिन्यांची गर्भवती होती. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. विहीणबाईंचे म्हणणे होते की, बाळंतपण ऑगस्टात आहे. ऐन पावसात घाट बंद पडला तर काय करायचे? त्यापेक्षा पुणे बरे. "घर पाहते, मग सांगते," एवढेच त्या फोनवर म्हणाल्या होत्या. शरयूच्या आईने तेव्हापासून चार वेळा पडव्या झाडून घेतल्या.  तिने येणाऱ्या बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ट्रंकेत ठेवलेली मी पाहिली होती.

आता डब्याविषयी. जावई आशिषराव अमेरिकेत तीन वर्षे राहून परतले होते. येताना त्यांनी हातात मावणारे, उपग्रहावरून जागा दाखविणारे एक यंत्र आणि एक छंद आणला. लोक रानावनात डबे लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतात आणि अनोळखी माणसे यंत्र घेऊन ते शोधीत येतात. डबा सापडला की आतील वस्तू घ्यावी, आपली एक ठेवावी, वहीत नाव लिहावे आणि डबा होता तिथे ठेवून निघून जावे.

"यातून मिळते काय?" मी विचारले.

"आनंद, आण्णा."

"आणि डबा कोणाचा?"

"कोणाचाच नाही. सगळ्यांचा."

असा डबा मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. आशिषरावांचा बेत असा की, भाट्याच्या किनाऱ्यावरील सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, डबा लपवावा आणि संध्याकाळी आईला तो शोधावयास लावावा. त्यांच्या आईंना कोडी सोडविण्याचा नाद होता. "आई खूश झाली की निम्मं काम झालं," ते म्हणाले. या छंदाला काही नियमही होते. लोक डब्यात नको त्या वस्तू ठेवतात, म्हणून काही गोष्टी वर्ज्य.

नियम म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

मी सुवाच्य अक्षरात यादी केली. एक, स्फोटके. दोन, ज्वालाग्राही पदार्थ. तीन, धारदार वस्तू. चार, खाद्यपदार्थ. पाच, औषधे. सहा, मद्य. ती झाकणाच्या आतून चिकटविली, खाली सही केली आणि ओटीवर टेबल मांडून तपासणी सुरू केली.

प्रथम आला आमच्या बागेचा राखणदार तुकाराम. त्याने आदरपूर्वक एक सुतळी बॉम्ब टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"बाँम. वांदरांसाटी."

"तुकाराम, हा डबा परकी माणसे उघडणार आहेत!"

"मंग त्यांना वाटंत वांदर भेटनार नाय काय वो आण्णा? आपलंच वांदर हायत ते. परका मानूस बगून जास्तच अंगावर येतात."

युक्तिवाद बिनतोड होता. तरीही बॉम्ब जप्त केला.

त्यानंतर शेजारचे दाऊदभाई आले. ऐन उमेद गल्फच्या जहाजांवर घालवून ते आता माझ्याशी बुद्धिबळ खेळत. त्यांनी अत्तराची कुपी ठेवली.

"पेट घेते," मी म्हणालो.

"आण्णा, चाळीस वर्सं मी हे अंगाला लावतो. मी पेटलो काय कदी?"

"नियम दोन."

त्यांनी कुपी खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून पितळी आकड्यासारखे काही काढले. मासे धरण्याचा गळ! तीन टोकांचा!

"नियम तीन."

"तुमी बंदरावर होतात तेवा मी दुसऱ्या बंदरात माल उतरवायचो, ते उगाच नाय," असे म्हणून ते झोपाळ्यावर जाऊन बसले.

मग सौभाग्यवती. आंबापोळी नियम चारखाली गेली. "पोट बिघडलं कुणाचं तर असू दे," म्हणून तिने आणलेला ओव्याचा अर्क नियम पाचखाली गेला. सहावा नियम मोडण्याजोगे घरात काही नव्हते. (नव्हते, असे मी मानतो.)

तपासणी संपली तेव्हा डब्यात एक वही आणि एक पेन्सिल उरली होती.

"रिकामा डबा शोधून कोण काय करेल हो?" शरयू म्हणाली. "बाबा, तुम्हीच ठेवा आता काहीतरी."

मी विचार केला. वस्तू निरुपद्रवी हवी, टिकाऊ हवी आणि इथल्या मातीतली हवी. पडवीत पोत्यावर काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. त्यातल्या अकरा उत्तम, राखाडी, गुळगुळीत बिया मी निवडल्या आणि डब्यात ठेवल्या.

आशिषराव पुण्याचे. त्यांनी एक बी उचलून पाहिली. "आण्णा, हे खाण्याचं नाही ना?"

"भाजून, फोडून, सोलल्यावर खाण्याचे. सध्या केवळ वस्तू."

दाऊदभाईंनी हे ऐकले. तुकारामाने ऐकले. सौभाग्यवतीने ऐकले. एकानेही चकार शब्द काढला नाही. कारण कच्च्या बीच्या टरफलात तेल असते आणि ते कातडी जाळते, हे रत्नागिरीत कोणी कोणास सांगत नाही. आमच्याकडील मूल चालू लागण्यापूर्वी बीला हात लावून एकदा रडते आणि तेथे शिक्षण पूर्ण होते. बी कोणी तोंडात घालील, ही कल्पनाच आम्हाला करता येत नाही. दगड कोणी चावील म्हणून आपण रस्त्यावर पाटी लावतो काय?

साडेनऊला मी आणि आशिषरावांनी सड्यावर जाऊन डबा लपविला. सड्याच्या कडेला जुना गडगा आहे; नुसते चिरे एकावर एक रचून केलेली भिंत. तिच्या खालच्या कोनाड्यात डबा ठेवून मी पुढे एक चिरा लावला.

विहीणबाई एक वाजता आल्या. वय त्रेसष्ट, ताठ कणा, निवृत्त गणित शिक्षिका. पायऱ्या चढताना त्यांनी त्या मोजल्या. विहिरीवर जाळी आहे का, वीज गेली तर काय, डॉक्टर किती अंतरावर, हे तीन प्रश्न पाणी पिण्यापूर्वी विचारले. (जाळी आहे, कंदील आहेत, डॉक्टर पलीकडच्या आळीत आहेत.) जेवणानंतर सुपारी पुढे केली तेव्हा त्यांनी अख्खी सुपारी दाढेखाली धरली आणि कडकन फोडली.

"बत्तीसच्या बत्तीस माझे स्वतःचे आहेत," त्या म्हणाल्या. "अक्रोडसुद्धा दातांनी फोडते. तुमचे किती?"

"अकरा," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. एक गुण कापला गेल्याचे मला जाणवले.

पाच वाजता आम्ही सड्यावर गेलो. विहीणबाई, आशिषराव, मी आणि काठी घेऊन तुकाराम. खाली भाट्याची वाळू आणि सुरूची रांग दिसत होती, वारा चांगला होता. विहीणबाईंनी यंत्र हातात घेतले, गडग्यापाशी आल्या आणि यंत्र मुलाच्या हाती परत दिले.

"हे इथपर्यंतच आणतं वाटतं. पण अख्ख्या भिंतीत एकच चिरा काटकोनात बसवलाय. हे काम तुमचं दिसतंय!"

मी मान लवविली. डबा निघाला. झाकण उघडून त्यांनी यादी वाचली. एकेका नियमाला त्यांची मान हलत होती. वही त्यांनी काखेत घेतली, एक बी मुठीत धरली आणि त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला होता.

"खरं सांगू? मी शंका घेऊन आले होते. पण इतका जपून विचार करणारा माणूस ज्या घरात आहे, तिथे काळजीचं कारण नाही. बाळंतपणाचं माझं ठरलं. ते—"

आशिषरावांनी श्वास रोखला. मी, भावना दिसू नये म्हणून, समुद्राकडे पाहिले.

कडकन आवाज झाला.

मी वळलो. विहीणबाई अक्रोडाच्या आत्मविश्वासाने बी फोडून मोकळ्या झाल्या होत्या!

"थुंका!" मी ओरडलो.

आयुष्यात कोणत्याही विहिणीला तिच्या व्याह्याने असे ओरडून सांगितले नसेल. त्या थुंकल्या. मग त्यांनी हाताने ओठ पुसले आणि त्याच हाताने हनुवटी. तेल जेथे गेले नव्हते तेथेही गेले.

तुकाराम काठीवर रेलून आदराने पाहत होता. "बी चावली? दातांनी? आवो, आमची शेरडं पन नाय चावत!"

"आई, काय होतंय?" आशिषराव यंत्रावर काहीतरी दाबू लागले. कशासाठी, ते त्यांनाही नंतर सांगता आले नाही. "आपण पुण्याला जाऊ या! आत्ता!"

"पुण्यापर्यंत चिरा लावलेला नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी का उच्चारले, मला अद्याप उमगलेले नाही. माझेही डोके ठिकाणावर नव्हते.

घरी पोहोचेपर्यंत विहीणबाईंचे ओठ वर आले होते आणि त्यांना "प" हे अक्षर म्हणता येत नव्हते. मी मोठ्याने पाणी मागविले.

"पाणी नको!" आतून सौभाग्यवती आली. "पसरेल ते! बाजूला व्हा बघू."

मी बाजूला झालो. दाऊदभाईंची बायको जैनबभाभी कुंपणावरून आवाज ऐकूनच खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली होती. दोघींनी विहीणबाईंना ओटीवर बसविले. एकीने फडक्याने तेल लावले आणि पुसले, दुसरीने हात साबणाने धुतले, पुन्हा तेल. कोणी कोणास काही सांगितले नाही.

"लय जळजळतं ना?" जैनबभाभी म्हणाली. "माझी सासू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला बिया फोडायला बसवून गेली होती, ताई. बोटं ही अशी! मग तुमच्या ह्या विहीणबायनंच तेल लावलं. दोन दिसात उतरलं."

शरयूने तोवर डॉक्टरांना आणले होते. ते सपातांनिशीच आले. त्यांनी ओठ पाहिले, जीभ पाहिली, श्वास तपासला, गोळी दिली आणि दोन दिवसांत बरे वाटेल असे सांगितले. मग विचारले, "पण यांना बी दिली कोणी?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"तपासून दिली होती," शरयू म्हणाली.

झोपाळ्यावरून दाऊदभाई हळूच म्हणाले, "नियम किती होता हो आण्णा, हा?"

 माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंक आली. तिच्यातली दुपटी आता कुरिअरने पुण्याला पाठवावी लागणार, हे मी मनाशी मान्य केले. तसे विहीणबाईंना म्हणालोही. "चूक माझी आहे. आपण पुण्याचा निर्णय घेतलात तरी आमची तक्रार राहणार नाही."

विहीणबाईंनी हात वर करून मला थांबविले. बोलणे शक्य नव्हते. डब्यातील वही अजूनही त्यांच्या काखेतच होती. त्यांनी पेन्सिल मागितली, पहिल्या पानावर नाव घातले, तारीख घातली आणि खाली बराच वेळ लिहिले. नंतर वही माझ्याकडे न देता सौभाग्यवतीकडे दिली. तिने मोठ्याने वाचले.

"बाळंतपण रत्नागिरीस व्हावे. या घरात दोन बायका न बोलावता धावून येतात आणि डॉक्टर सपाता घालून पोहोचतात. घाट बंद पडला तरी अडणार नाही. पुण्यात माझ्या शेजारी कोण राहते, हे मला ठाऊक नाही. अट एकच. बाळाच्या खोलीतील वस्तूंची तपासणी व्याह्यांनी करू नये."

सौभाग्यवती वाचता वाचता थांबली. डोळ्यांना तिने पदर लावला. खोबरेल लागलेला, त्यामुळे तेही चुरचुरले. जैनबभाभी हसत सुटली. विहीणबाईंनाही हसू आले, पण ओठ साथ देईनात. तेव्हा त्या नुसत्या खांद्यांनी हसल्या.

मी वही घेतली आणि अटीखाली "मान्य" असे लिहून सही केली.

उरलेल्या दहा बिया पोत्यावर परत टाकल्या, हात तेलाने आणि मग साबणाने धुतले. नंतर डब्याचे झाकण उघडले, यादीत सहाव्या ओळीखाली पट्टी धरून रेघ आखली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: सात, तपासनिसाने स्वतः ठेवलेली कोणतीही वस्तू.