पिरवाडीची वाट आणि माधुरीची पडणारी चेन

दसऱ्यापासून माझ्या बायकोच्या, माधुरीच्या सायकलची चेन पडायला लागली. मागच्या महिन्यात तर उड्डाणपुलाच्या चढावर चेन निसटली, पायडल रिकामं फिरलं आणि ती गुडघ्यावर आपटली. तेव्हापासून सायकल बाल्कनीत पडून होती. शेवटी मीच गळ घातली, "एकदा पिरवाडीला जाऊन येऊ."

"चल. पण या वेळी चेन सारखी पडत राहिली तर सायकल विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

नेरूळहून उरणचा पिरवाडी किनारा तीसेक किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, पण उलव्याच्या पुढे कंटेनरचे ट्रेलर भरपूर. तेव्हा उजाडताच निघा, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. आम्ही साडेसहाला निघालो. खाडीपुलावर माधुरी चक्क गुणगुणत होती, मला हायसं वाटलं.

द्रोणागिरीजवळ खडबडीत पट्टा लागला आणि खट्! चेन पडली.

"हलक्या हाताने गियर टाक, किती वेळा सांगितलं," मी सवयीने बोलून गेलो. चारचौघांतही मी तिला हेच ऐकवत आलो होतो.

"मी गियरला हातच लावला नव्हता." तिचे डोळे भरून आले होते.

पुढच्या गावात टपरीवर थांबलो. वडापाव गरम होता, पण तिने अर्धा तसाच ठेवला. आमची तोंडं बघून टपरीवाल्या मावशींनी शेजारच्या दामूकाकांना हाक मारली. काका पूर्वी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आता गावातल्या सायकली बघतात.

"यो गियरवाला आपला काम नाय," म्हणतच ते उकिडवे बसले.

मागच्या चाकापाशी चेन ताणून धरणारा जो लोंबता दांडा असतो, तो डिरेल्युअर. काकांनी आधी माझ्या सायकलचा दांडा बोटाने पुढे ढकलला. चांगलाच जोर लागला. माधुरीचा मात्र नुसत्या स्पर्शाने पुढे आला. दांड्याला झोके घेऊ न देणारी पकड, म्हणजे त्याचा क्लच. त्याची कळ चालू असूनही तो ढिला पडला होता.

"तुजा घट्ट हाय, बायचा ढिला. खड्ड्यात चेन उडनारच. बायची काय चूक नाय."

छोट्या ॲलन कीने झाकण उघडलं. आत गंज, ग्रीसचा पत्ता नाही.

"येवऱ्या जोरात पानी कोनी मारला?"

खंडेनवमीला पूजेसाठी म्हणून मी माझी सायकल ओल्या फडक्याने पुसली होती. माधुरीची फार चिखलाची, म्हणून तुर्भ्याला गाड्या धुतात तिथे नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुवून आणली. वर हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजा अगदी साग्रसंगीत!

काकांनी गंज पुसला, ग्रीस भरलं, आतला नट जरासा आवळला. मी मात्र पिरवाडीपर्यंत तोंड उघडलं नाही. तिथे ओल्या वाळूवर बसल्यावर सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती.

माधुरी माझ्याकडे वळली. "म्हणजे दोन महिने मी चुकत नव्हते."

"नव्हतीस. चूक माझी होती."

उरणात तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील हाणले. हे चुकवू नका. परतीच्या वाटेवर तोच खडबडीत पट्टा आला. मी मागून श्वास रोखून चेनकडे बघत होतो. माधुरी धडधडत पार गेली आणि पलीकडे पोचून मोठ्याने हसली. चेन जागच्या जागी होती.

घरी आल्यावर तिचा हुकूम सुटला, "हे ब्लॉगवर लिही. मी चारचौघांत ऐकून घेतलं, तूही चारचौघांत कबूल कर." तर मंडळी, केलं कबूल. चेन पडत असेल तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी तो दांडा ढकलून बघा.

येत्या रविवारी ती मैत्रिणींबरोबर कर्नाळ्याला निघाली आहे. मी येऊ का, असं भीतभीत विचारलं.

"ये की. पण मागे राहा, आणि शिकवू नकोस."