पुदु म्हणजे पुढं

शहाजी तीनदा हाक मारल्याशिवाय वळत नाही, हे तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नावच तसं ठेवल्यावर दुसरं काय होणार! "महाराज, ओ महाराज, गादीवरून जरा खाली उतरा!" असं पानांच्या वखारीतली शेषम्मा ओरडायची, आणि विड्याची पानं लावत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. शहाजी होता ड्रायव्हर, बाळकृष्णरावांच्या वखारीतला. अंगात खाकी सदरा, पाय अनवाणी. त्याला गर्व कसला असणार? पण लोकांना गर्विष्ठ माणूस चटकन ओळखू येतो, बहिरा ओळखू येत नाही.

तो बहिरा आहे हे एका कमलाक्षीला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला. तीही त्याच वखारीत पानं लावायची. सत्तावन्न साली त्याला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. डाव्या कानात विहिरीच्या तळातून यावा तसा थोडा आवाज उरला होता, तोही वर्षभरात विझला. बहिऱ्याच्या हातात गाडी कोण देईल? परवाना जाईल, आणि मग शहाजी उरेल कशापुरता? माणसाला एखादंच काम येत असतं आणि त्याला तेच आवडत असतं, तेव्हा ते काढून घेणं म्हणजे माणूसच काढून घेणं. कमलाक्षीने ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. हे शहाणपणाचं नव्हतं. रस्त्यावर पोरंबाळं असतात, गुरं असतात. तिलाही ते कळत होतं. तरी तिने केलं.

बाळकृष्णरावांकडे जाऊन ती म्हणाली, "यजमान, ओरत्तनाडूच्या बाजाराला पोचेपर्यंत पानं मान टाकतात. मी मागं बसून पाणी शिंपडत जाऊ?"

"जा की," यजमान म्हणाले. "पानंही ताजी राहतील आणि महाराजही वाटेत कॉफीला थांबायचे नाहीत."

झालं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती गाडीत.

ती जुनी गाडी होती मोठी लाडकी. लढाई संपल्यावर मद्रासला लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात यजमानांनी घेतलेली. गाडी म्हणजे काय, तर इंजिन, चाकं आणि पुढचं पत्र्याचं नाक. बाकीचा देह तंजावुरातल्या सुताराने घडवला. लाकडी केबिन, लाकडी हौदा, दोन्ही बाजूंना चढायला लांब पायरी. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळ्याच सरळ मागच्या फाळक्यापर्यंत गेलेल्या. हँडल मारून सुरू करायची, पावसात गळायची, चढावर खोकायची. पण तिचं सगळं अंग एक होतं. इंजिनाची धडधड फळ्यांतून शहाजीच्या तळव्यांत शिरायची आणि गिअर कधी बदलायचा ते त्याला पायच सांगायचे. राहिलं मागचं. ते कमलाक्षीचं काम. ती त्याच्या पाठीमागच्या फळीला टेकून बसायची. फळीवर एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे मागून मोटार येते आहे, बाजू द्या. थापांची सरबत्ती म्हणजे पुढं घ्या, पुढं. ती थाप लाकडातून थेट त्याच्या पाठीत जायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, बाईला ताल धरायची खोड आहे.

शहाजी कान गेल्यावरही बोलका राहिला होता. त्याची एक ठरलेली कोटी होती, दर नव्या माणसाला ऐकवायचा. "बघा, तमिळात जुन्याला म्हणतात पळैय. आणि आमच्या मराठीत? पळे! म्हणून ही पळे. तमिळात नव्याला काय म्हणतात? पुदु. ते म्हणजे आमचं पुढं! ते अजून पुढं आहे, आलंय कुठं?" गाडी मागे घेताना तमिळ माणसं 'वा, वा' म्हणतात, म्हणजे 'ये, ये'. त्यावरही त्याचं असायचं, "मला आपलं वाटतं, माझं कौतुकच चाललंय!"

एकसष्ट साली पुदु आलीच.

निळी, चकचकीत, सगळी पोलादी. कारखान्यातूनच केबिन घेऊन आलेली, हौदा घेऊन आलेली. काच बाकदार, दाराला बाहेर आरसा, सुरू करायला किल्ली. पायरी नाही. यजमानांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या करून शहाजीला विचारलं, "सांगा महाराज, कुठली बरी?"

शहाजी त्यांच्या ओठांकडे बघत होता. नव्या गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"पत्रा तापेल यजमान, पानं शिजतील. पायरी नाही, बायांनी चढायचं कसं? आणि हे बघा, केबिन वेगळी, हौदा वेगळा. मधे फट आहे. ही एक गाडी नव्हे, दोन आहेत."

यजमान खो खो हसले. "अरे, ती फट मुद्दाम ठेवलेली आहे! मागचे धक्के ड्रायव्हरला लागू नयेत म्हणून. तुझ्याच सुखाची सोय ती."

सगळे हसले. कमलाक्षीने त्या फटीत बोटं घालून पाहिली. आरपार गेली.

दुसऱ्या दिवशी ती यजमानांसमोर उभी राहिली. "यजमान, नवीवर कुणी तरणा ड्रायव्हर ठेवा. ह्यांना जुनीच राहू द्या."

"का गं?"

"सवय आहे."

"वेडी आहेस. जुनी आता किती दिवसांची? इतकी वर्षं राबला माणूस, आणि नवी आली तेव्हा ती दुसऱ्याला देऊ? लोक काय म्हणतील मला?"

भला माणूस होता. वाईट माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. भल्यापुढे काय बोलणार? ती "बरं" म्हणून मागे फिरली.

मग सुरू झाले कुत्र्यानं खाऊ नयेत असे हाल. नवीचं इंजिन इतकं मऊ, पायाखाली रबराची चटई इतकी जाड, की शहाजीला गाडी चालू आहे की बंद तेच कळेना. चालू इंजिनावर तो किल्ली फिरवायचा आणि आतून कर्र आवाज यायचा. वखारीतल्या बाया कानांवर हात ठेवायच्या. शेषम्मा म्हणायची, "महाराजांचा पुदु राणीशी सूर जुळेना बाई!" तो बायांना हसताना बघून आपणही हसायचा. कमलाक्षी हौद्यातून थापा मारायची. पत्रा दणाणायचा, सगळ्या बाजाराला ऐकू जायचा. फटीपलीकडे एकही कंप जायचा नाही. ओरत्तनाडूच्या वाटेवर मागून बस भोंगा वाजवत कितीतरी वेळ आली आणि शहाजी आपला रस्त्याच्या मधोमध, हत्तीवरून मिरवणूक निघाल्यासारखा. बसवाला पुढे गेला तेव्हा खिडकीतून आईबापांचा उद्धार करून गेला. शहाजीने त्याला हात केला. त्याला वाटलं, ओळखीचा आहे.

त्या रात्री घरी तो जेवला नाही. दिव्याजवळ बसून म्हणाला, "कमला, पायांना काही कळत नाही गं. पाय पण बहिरे झाले."

तिने दोरी बांधून पाहिली. एक टोक त्याच्या दंडाला, दुसरं खिडकीतून बाहेर काढून तिच्या हातात. चार दिवस चाललं. मग शेषम्माने पाहिलं. "अगं बया, नवऱ्याला दावं बांधू लागली ही!" वखार लोटपोट. यजमान बाहेर आले, तेही हसले आणि म्हणाले, "रंग खरवडला जातो, काढ ती दोरी."

उरला आरसा. नवीचा तेवढा एक गुण खरा. जुनीला आरसा नव्हता. गाडी मागे घेताना कमलाक्षी मागे उभी राहायची आणि शहाजी आरशात तिचे ओठ वाचायचा. लग्न झाल्यापासून तेच ओठ बघत आलेला माणूस. जमायला लागलं. तिला वाटलं, निभेल. आशा फार चिवट असते हो, नको तिथे उगवते.

वखारीत मात्र एक नवीच खोड लागली होती सगळ्यांना. शहाजी गाडी लावायला लागला की जो तो ओरडायचा, "पुदु! पुदु! पात्तु!" नवी आहे, नवी आहे, जपून. यजमान ओरडायचे, बाया ओरडायच्या, रस्त्यावरचा केळीवाला ओरडायचा. शहाजी ओठांवरून ओळखायचा आणि मान हलवायचा. माहीत आहे बाबांनो, नवी आहे.

जुनी गाडी तोवर अंगणाच्या भिंतीला लावून ठेवली होती. तिच्यात ओली पोती वाळत घालायचे. पोंगल झालं, त्यानंतरची सकाळ. शहाजी नवी मागे घेत होता, तिला जुनीच्या शेजारी लावायला. कमलाक्षी दोन्हींच्या मधे उभी होती. चाक जरा तिरकं गेलं आणि नवी सरळ जुनीच्या अंगावर यायला लागली. कमलाक्षीने आरशाकडे तोंड करून म्हटलं, "पुढं!"

आरशात शहाजीने ते पाहिलं आणि मान हलवली.

"पुढं घ्या! पुढं! पुढं!"

त्याला ओठांवर दिसलं ते पुदु, पुदु, पुदु. म्हणजे ओरखडा पडू देऊ नका. तो हसला, "होय गं," म्हणाला आणि आणखी हळू, आणखी जपून मागे येत राहिला.

ती अंग चोरून बाजूला झाली. पण हात. इतक्या वर्षांची सवय हाताला. उजवा हात आपला आपण उठला आणि नवीच्या फाळक्यावर थाप द्यायला गेला. एक थाप म्हणजे थांबा. पोलादी फाळका आणि जुनीची सागवानी फळी यांच्या मधे तो तसाच राहिला.

तिची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. शहाजी आरशात शोधत होता, ही गेली कुठं म्हणून. केळीवाल्याने दारातून हात घालून त्याची मानगूट धरली तेव्हा त्याने गाडी पुढे घेतली.

इस्पितळात अंगठा वाचला, बाकीची बोटं नाही. संध्याकाळी तिला शुद्ध आली. खाटेच्या एका बाजूला यजमान होते, पायथ्याशी शेषम्मा. शहाजी खिडकीजवळ उभा होता. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून पडलेली, म्हणजे तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. हे एवढं लक्षात ठेवा.

"झालं कसं हे?" यजमानांनी विचारलं. "केळीवाला म्हणतो तू ओरडत होतीस. शहाजीला ऐकू नाही गेलं?"

सगळ्यांच्या माना शहाजीकडे वळल्या. कमलाक्षीला बोलायला त्रास होत होता, पण ती बोलली. स्वच्छ बोलली.

"चूक माझी, यजमान. घाबरले. पुढं म्हणायचं ते 'वा, वा' म्हणून गेले. त्यांनी ऐकलं तसं केलं. त्यांचा काही दोष नाही."

यजमानांनी सुस्कारा टाकला. उठून शहाजीजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेषम्माने डोळे पुसले. सगळे शहाजीकडे दयेने बघत होते, आणि शहाजीने ती दया ओळखली. इतकी वर्षं जिला भीत होता तीच. आता लपवायला काही राहिलं नाही असं वाटून त्याचे खांदे खाली आले, सुटल्यासारखे. त्याने खिशातून किल्ली काढली.

"तिनं सांगितलं ते खरं आहे, यजमान," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा, जरा मोठ्याने. "सत्तावन्नपासनं मला काही ऐकू येत नाही. तिचा हात हेच माझे कान. तिला बोल लावू नका."

यजमान एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. कमलाक्षीने डोळे मिटून घेतले. "मी नव्हतं हो सांगितलं," असं ती भिंतीला म्हणाली. ते त्याला दिसलं नाही.

यजमानांनी किल्ली घेतली. पोलिसांत गेले नाहीत, हाकलूनही दिलं नाही. शहाजीला वखारीतच काम दिलं, पानं लावायचं. म्हणजे कमलाक्षीचंच, कारण तिला ते आता जमणार नव्हतं. बायांच्या रांगेत तिच्या पाटावर तो मांडी घालून बसायचा आणि चुकतमाकत पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, बांधायचा. शेषम्मा त्याच्या कवळ्या सोडून पुन्हा बांधायची. महाराज म्हणून हाक मारणं कधीच बंद झालं होतं. चेष्टा धडधाकट माणसाची करतात.

जुनी गाडी त्याच उन्हाळ्यात फोडली. इंजिन भंगारात गेलं, फळ्या भात उकडायच्या चुलीत. शहाजीला एक फळी हवी होती. तो मागायला गेला तेव्हा राख झाली होती.

एका संध्याकाळी ती दोघं घराच्या ओट्यावर बसली होती. पुदु गल्लीतून गेली, नव्या ड्रायव्हरने उगाच भोंगा वाजवला. ओटा थोडा थरथरला असावा. शहाजीने तळवे जमिनीला टेकले आणि तिच्याकडे वळून विचारलं, "कोण गेलं गं?"

"पुदु," ती म्हणाली.

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, मान हलवली आणि बसल्या जागेवरून थोडा पुढं सरकला.

ती त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत डावा हात टेकून बसून राहिली.