लाटलेली भाकरी

लेबर ऑफिसर जगदाळेंनी हजेरीचं रजिस्टर माझ्या टेबलावर आपटलं, तेव्हा मी एका कामगाराच्या कानात बॅटरी मारून बघत होतो.

"डॉक्टर, हे बघा. हंगामाच्या सुरुवातीला एक खाडा नाही. गळीत सुरू झालं की पंधरा दिवसांत याचं पोट सुरू होतं. चार हंगाम हेच."

रजिस्टर रंगनाथचं होतं. जालना जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी मेडिकल ऑफिसर होतो, त्या काळातली ही गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही. रंगनाथ असिस्टंट पॅनमन. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा पाडायचा, तो पॅनमन. रंगनाथचा हात चांगला होता, पण तो सीझनल होता. म्हणजे हंगामापुरता पगारी, एरवी राजूरकडच्या आपल्या गावी शेतात. त्या वर्षी चौघांना परमनंट करायचं ठरलं होतं आणि यादीत त्याचं नाव होतं.

"तीन आठवड्यांनी संचालकांची मीटिंग आहे," जगदाळे म्हणाले. "तुम्ही फक्त लिहून द्या, याला काही झालेलं नाही. नाव काढून टाकतो. नाटकं करणारा माणूस कायमचा कशाला गळ्यात घ्यायचा?"

खरं सांगतो, मी पेन उघडलं होतं. चार वर्षं तो माझ्याकडे येत होता. पोट फुगतं, पातळ होतं, तोंड येतं, चढण चढलं की धाप लागते. चारही वर्षं मी केसपेपरवर एकच शब्द लिहिला: अपचन. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं, आणि मोठ्या रुबाबात पथ्य सांगितलं. पण सही करायच्या आधी माणसाला एकदा बोलवावं, एवढी अक्कल त्या दिवशी कुठूनशी आली.

"गावाकडं त्रास होतो का रे?"

"बिलकुल न्हाई, साहेब. गावाकडं मी नांगर धरतो की."

"मग तिथं खातोस काय?"

"भाकर."

"आणि इथं?"

"कँटीनची चपाती. आन् तुमीच सांगितल्यालं, पाव, टोस्ट, दुधात बिस्कुट. घरून कडक भाकरी येऊन राह्यल्या होत्या, बायको पाठवायची. तुमी म्हणले जड असती, बंद कर. मंग केली बंद."

हे मी म्हणालो होतो. आमच्याकडे आजारी माणसाची भाकरी बंद करतात आणि त्याला गव्हाचा फुलका देतात. आजी करायची, आई करायची, मीही केलं. फरक एवढाच की मी ते लेटरहेडवर केलं.

संध्याकाळी अंबडला जाऊन एसटीडी बूथवरून औरंगाबादच्या एका वर्गमित्राला फोन लावला. तो पोटाचा डॉक्टर. त्यानं मला पुस्तकातल्या त्या पानाची आठवण करून दिली, जे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. गव्हाची कणीक ताणली तरी तुटत नाही, कारण तिच्यात एक चिवट पदार्थ असतो, ग्लुटेन. काही लोकांच्या आतड्याला तो सोसत नाही. आतडं आतून सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं.

"पण आत्ताच गहू बंद करू नकोस," मित्र म्हणाला. "दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा घेऊन तपासावं लागतं. गहू बंद झाला तर त्यात काही दिसणार नाही. दीड महिन्यानं नंबर लागेल, तेव्हा पाठव."

दीड महिन्यानं संचालकांची मीटिंग होऊन जुनी झाली असती. मी मित्राचं ऐकलं नाही. कँटीनचा आचारी शंकर याला सांगितलं, रंगनाथसाठी रोज चार ज्वारीच्या भाकरी वेगळ्या कर. शंकरनं तोंड वाकडं केलं, पण केल्या.

दहा दिवस झाले. रंगनाथचं पोट होतं तसंच. उलट एक रात्रपाळी बुडाली.

जगदाळे आले ते हसतच. "काय डॉक्टर, आता ज्वारीही बाधायला लागली का?"

मी रंगनाथला बोलावलं आणि त्याच्यावर ओरडलो. आजही आठवलं की कान गरम होतात. "चोरून चपात्या खातोस! मला येडा समजतोस का?"

"राजूरच्या गणपतीची आन हाये, साहेब. एक घास खाल्ला आसंल तर." त्यानं खिशातून रुमाल काढला. आत अर्धी भाकरी होती. ती माझ्या टेबलावर ठेवली. "हीच खातो मी. तुमीच बघा." आणि निघून गेला. त्याच्या पँटला दोरी बांधलेली होती. पट्ट्याला भोकं पुरेनाशी झाली होती.

मी ती भाकरी बघून काय करणार? एम.बी.बी.एस.ला भाकरी हा विषय नव्हता. जगदाळेंना लिहून द्यायचा तो कागद आणि तो रुमाल, दोन्ही बॅगेत टाकून घरी आलो. बायकोनं, सुमननं, डबा समजून रुमाल उघडला.

"ही कुणी लाटली?"

"लाटली म्हणजे?"

"अहो, भाकरी थापतात. ही काठापर्यंत एकसारखी आहे, बोटांचा मागमूस नाही. आणि हे बघा." तिनं तुकडा दोन हातांत धरून ओढला. तो तटकन तुटायच्या ऐवजी थोडा ताणला गेला. "निम्मा तरी गहू आहे यात. तुम्हाला कळलं नाही?"

मला कळलं नव्हतं. वीस वर्षं तिच्या हातची भाकरी खात होतो.

दुसऱ्या दिवशी शंकरला विचारलं. त्याला काही लपवायचं नव्हतंच.

"मंग काय करू, साहेब? नुसत्या ज्वारीची लाटली की मोडती. थापायला मला येत न्हाई आन् येळबी न्हाई. शेकड्यानं चपात्या लाटून राह्यलो मी. गव्हाचं पीठ मिसळलं की बराबर लाटता येती. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

ज्या चिवटपणामुळं भाकरी मोडत नव्हती, त्याच चिवटपणानं रंगनाथ मोडत होता. आणि नकळत गहू पोटात गेल्यावरही तो आजारी पडला होता. म्हणजे हा मनाचा खेळ नव्हता, नाटक तर नव्हतंच. इतकी चोख परीक्षा मी ठरवून घेतली नसती.

त्या दिवसापासून सुमननं आमच्या घरी रंगनाथसाठी भाकरी थापायला सुरुवात केली. आधी डबा घासून नवी ज्वारी भरली, गिरणीवाल्याला गव्हानंतर लगेच दळू नको म्हणून दम दिला. रंगनाथ शिफ्टच्या आधी येऊन फडक्यात बांधून न्यायचा. नवव्या दिवशी तो म्हणाला, "काल रातभर झोपलो, साहेब." मीटिंगला दोन दिवस उरले होते.

मी सर्टिफिकेट लिहिलं. जगदाळेंनी वाचलं.

"म्हणजे माणूस ठीक आणि चपाती आजारी?"

"तसंच म्हणा."

"औरंगाबादचा रिपोर्ट कुठंय?"

"नाही. माझी सही आहे."

"आणि हे शेवटचं वाक्य? 'या कामगाराचा आजार वाढण्यास माझा सल्ला व कँटीनचे जेवण कारणीभूत आहे.' असं कुणी स्वतःविरुद्ध लिहितं का? काढा ते."

"नाही काढणार."

"डॉक्टर, तुमचंही कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय."

"माहीत आहे. कॉपी मी घरी ठेवलीय."

रंगनाथ परमनंट झाला. मी दोन दिवस छाती फुगवून फिरलो, आपल्या लेखणीचा प्रताप म्हणून. मग ऑफिसातल्या क्लार्कनं आत काय झालं ते सांगितलं. ते शेवटचं वाक्य वाचून साहेब लोक घाबरले होते. हा कागद लेबर कोर्टात गेला तर काय, या भीतीनं नाव राहिलं. रंगनाथचं पोट, त्याचे चार हंगाम, उतरलेलं वजन, यावर मीटिंगमध्ये एक शब्द निघाला नव्हता.

परमनंट झाल्यावर त्याला क्वार्टर मिळालं. बायको आली, चूल आली, तवा आला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात सगळं लागोपाठ जुळलं. सीझनल माणसाला क्वार्टर नाही, एका खोलीत सहा जण, स्टोव्हला बंदी. म्हणून कँटीन. म्हणून चपाती. म्हणून आजार. म्हणून खाडे. आणि खाडे म्हणून परमनंट नाही. चार वर्षं हा माणूस या चरकात फिरत होता आणि मी त्याला वर टोस्ट खायला घालत होतो.

मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. जाताना सुमन म्हणाली, "तुमच्या केसपेपरवर नाव आहे, वय आहे, वजन आहे. हा माणूस काय खातो, याला जागाच नाही."

जालन्यात स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा ती जागा छापून घेतली. पेशंट तिथं भाकरी म्हणाला, की मी आजही पुढचा प्रश्न विचारतो: थापली कुणी?