पाचवी गोळी

दुसऱ्याला ‘बंदूक उचला’ असं तुम्ही कधी सांगितलं आहे का, स्वतः ती एकदाही हातात न धरता? मी सांगितलं आहे. पासष्टच्या युद्धात मी तसं पत्रक लिहिलं, पालघरला वडिलांच्या छापखान्यात स्वतः छापलं आणि बोईसरच्या बाजारात वाटलं. त्यानंतर स्वयंसेवकांच्या तुकडीत नाव न घालणं मला खोटेपणाचं वाटलं असतं.

उमरोळीच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी आमचा नेमबाजीचा सराव होता, शिकवायला एक हवालदार होते. रायफली नव्या कोऱ्या, अजून ग्रीसने चिकट. वास आमच्या छपाईच्या मशीनच्या तेलासारखा होता, म्हणून आधी बरं वाटलं. पण हातात घेतली तेव्हा ती माझ्या अंदाजापेक्षा फार जड निघाली.

माझा जोडीदार तारापूरचा मच्छीमार होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. समोर लांबवर बांबूला नेमासाठी पुठ्ठा बांधला होता. मी पालथा पडलो, तो शेजारी बसला. पहिल्या गोळीने खांद्याला असा धक्का दिला की डोळ्यांत पाणी आलं.

“मास्तर, पुठ्ठा तिकडं हाय,” तो म्हणाला. “तुजी गोली वाणगावला उतरली.”

गोळी झाली की बोल्टची मूठ वर करून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून मूठ खाली केली की पुढची गोळी आत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला हात आपोआप चालू लागला. लहानपणापासून मी छापखान्यात ट्रेडलवर, पायाने चालवायच्या मशीनवर, कागद लावत आलो होतो. छापलेला काढला की लगेच कोरा लावायचा. मध्ये विचार करत बसलं तर बोटं चेंगरतात.

चौथ्या गोळीनंतर वाऱ्याने पुठ्ठा आडवा झाला.

“थांब,” हवालदार म्हणाले. “बोल्ट उघडलास?”

“उघडला,” मी म्हणालो. खोटं बोललो नव्हतो. उघडल्याचं हाताला आठवत होतं, लगेच मिटल्याचं आठवत नव्हतं.

जोडीदार पुठ्ठा उभा करायला निघाला. हवालदार पाठ फिरवून पुढच्या माणसाला काही सांगत होते. मी नळीवरून समोर पाहत राहिलो. टोकाच्या खुणेवर जोडीदाराची पाठ होती, घामाने भिजलेली. तेवढ्यात बोल्टची मूठ दिसली. ती खाली होती. पाचवी गोळी आत होती आणि माझं बोट चापावर.

बोट काढायचीच भीती वाटली. काढताना दाबलं गेलं तर? श्वास घेतला तर? तो वाकून बांबू रोवत होता. किती वेळ गेला, माहीत नाही. शेवटी बोट सुटलं. मी नळी कडेला, मातीकडे वळवली, बोल्ट ओढला. गवतात अख्खी गोळी पडली, टोकदार, चकचकीत.

कुणी पाहिलं नव्हतं. ती मी मुठीत घेतली. मूठ खिशापर्यंत गेलीही. सत्याबद्दल मी किती पत्रकं लिहिली होती, तरी गेली.

तो हसत परत आला. “एक तरी लागली रं बाबा.”

मी हवालदारांना हाक मारली आणि दोघांसमोर मूठ उघडली. “हा चालत होता तेव्हा ही आत होती.”

हवालदारांनी रायफल काढून घेतली. जोडीदार खाली बसला. मग म्हणाला, “पाटीला खाज येत व्हती. तवाच कलाया पायजे व्हतं.” हसला मात्र नाही. स्टेशनपर्यंत तो माझ्या मागून चालला, एकदाही पुढे गेला नाही.

आपल्या भागात शिकारीच्या, राखणीच्या बंदुका घराघरांत टांगलेल्या असतात. तुमच्याकडे असेल तर हा कागद खाली ठेवा. तिचं तोंड मोकळ्या मातीकडे करा, चापाला हात न लावता ती उघडा आणि आत डोळ्यांनी पाहा. हाताला काय आठवतं, ते विचारू नका.